अमोसने कोरलेली बाटली

लंडन, ९ जानेवारी १८७२

प्रिय केझायाताईस धाकट्या अमोसचा नमस्कार.

नेडचा खोकला कसा आहे? धर्मादाय दूध मिळतंय ना? न मिळायला काय झालं! तुझ्याइतकी गरीब बाई दूध वाटणाऱ्या थॉर्नबाईंना शोधून सापडायची नाही. रागावू नकोस गं.

आमच्या छापखान्यात गंमत झाली. साप्ताहिकात दानधर्माचं मोठं चित्र होतं. नेहमीसारखे लाकडी ठशाचे चार तुकडे करून चौघांना कोरायला दिले. माझ्या वाट्याला नुसते एका बाईचे हात आणि दुधाचं भांडं. मालक म्हणाले, दूध बघून कोण अंक घेणार, जिन दारूची बाटली कर, लोक हसतील. केली! त्या बाईची वाकडी करंगळीही हुबेहूब साधली. मालक जाम खूश.

नेडचा पापा घे. माया आहेच, ती राहू दे.
अमोस

२२ जानेवारी

चि. अमोसला ताईचे आशीर्वाद.

ते हात माझे होते रे; दूध घेताना तुमच्या चित्रकाराने मलाच काढलं होतं. तूच दारात चेंगरलेली करंगळी, आणि तूच ओळखली नाहीस? तोंड दुसऱ्याने कोरलं, तेही अगदी माझं. थॉर्नबाईंनी अंक बघितला आणि दुधाच्या यादीतून माझं नाव खोडलं. मी दूधच घेत होते म्हटलं, तर छापलेलं खोटं कसं असेल, म्हणाल्या.

नेड तीन दिवस साखरपाण्यावर आहे. गुरुवारी थॉर्नबाईंच्या समितीपुढे ये. बाटली मी कोरली, एवढंच सांग. येशील ना?
तुझी वाट बघणारी,
केझाया

२४ जानेवारी

प्रिय ताईस नमस्कार.

पत्र मिळालं. पण मी तोंड उघडलं तर मालक उद्याच हाकलतील, आणि माझ्या मेरीला सातवा महिना आहे. समजून घे. त्यापेक्षा तूच रडून टाक. पीत होते, आता सोडते म्हण. पश्चात्ताप केला की या बायका विरघळतात. तुझं काय जातंय?

राग धरू नकोस.
अमोस

२ फेब्रुवारी

अमोस,

तू सांगितलंस तसंच केलं. गुडघे टेकून, कधी न प्यालेली दारू शपथ घेऊन सोडली. थॉर्नबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला जवळ घेतलं, दूध परत सुरू केलं. मग म्हणाल्या, दारुड्या आईपाशी मूल ठेवणं पाप आहे. नेडला त्यांच्या अनाथाश्रमात नेलं. माझ्या कबुलीवर माझीच सही आहे. महिन्यातून एकदा, रविवारी, लांबून बघू देतील.

नेडच्या नावचं दूध अजून रोज दारात येतं. नको म्हटलं तर कृतघ्न ठरेन, आणि रविवारही जाईल. म्हणून हसून घेते, आभार मानते.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.
केझाया