न लागलेलं दही

सगळ्यांदेखत तुमी म्हणालासा, "हिच्या हाताला दही लागत न्हाय, हिला विरजणाला शिवू देऊ नका." आबा, बाप म्हणून तुमी लय केलंसा, पण हे खोटं बोललासा. मी तवा बारा वर्षांची. त्या दिवसापास्नं दही धाकटीनं लावलं, सासरी सासूनं, आता सून लावते. सत्तरी उलटली तरी विरजणाची वाटी मी दुसरीच्या हातात देते.

म्हशीला दगडी झालती, आठवतंय? कास सुजून लालभडक. सुई तुमीच टोचलीसा, जरा उतार पडल्यावर बंद केलीसा, आन त्याच म्हशीचं दूध दही लावाय माझ्यापुढं ठेवलंसा. औषध दुधात उतरतं, दही लावणारे जंतू त्यात मरतात. मग लागंल कसं? हे मला नातीनं सांगितलं. ती प्रयोगशाळेत काम करते. रोगाचे काही जंतू लय बेरकी झाल्यात म्हणं. अंगातनं एक एन्झाइम सोडतात आन औषधच मोडून टाकतात. मग माणसाला किती का गोळ्या द्या, गुण न्हाय. त्या एन्झाइमला जखडणारं द्रव्य ही शोधतीया. परवा म्हणाली, "आज्जे, चल, तुझ्या दह्यावरच दावते."

"माझ्या हाताला लागत न्हाय, बाई."

"लाव की गप!"

तिच्या प्रयोगशाळेत तीन बाटल्या, तिन्हीत तसलंच औषध घातलेलं दूध. दुसरीत तिनं एन्झाइम घातलं, तिसरीत एन्झाइम आन तिचं द्रव्य, दोन्ही. मग मी तिन्हीत विरजण लावलं. तिसऱ्या पारी बघते तर पहिलीत दूध तसंच पातळ. दुसरीतलं औषध एन्झाइमनं मोडलेलं, तिथं दही! बाटली आडवी केली तरी हलंना. माझ्या हाताचं, आबा! तिसरी मात्र नातीनं डोळे मिटून उचलली. दूध खळखळलं. पोरगी नाचायलाच लागली, "न्हाय लागलं, आज्जे, न्हाय लागलं!" एन्झाइम जखडलं हुतं, औषध शाबूत हुतं. तिचा साहेब म्हणाला, "अजून लय तपासायचं हाय." म्हणलं, "तपासा की, कोण आडवतंय? आधी पोरीला पेढा द्या." दही लागलं न्हाय म्हणून इतकं हसलेली माणसं साऱ्या कोल्हापुरात दुसरी नसतील.

हे पत्र टपालात पडायचं न्हाय, माझ्या डब्यातच ऱ्हाईल. एक कबूल करते. विरजण लावताना तुमी पाठीमागं उभं ऱ्हायलाय असं वाटत हुतं. आता वर भेटू तवा उत्तर तुमी स्वतः द्यायचं. दरवेळेसारखं आयला म्होरं करायचं न्हाय.