आत्याच्या वेलींचं पाणी

बाबा, वेलीला धक्का न लावता पान कसं खुडायचं हे मला शिकवणाऱ्या माणसाने सख्ख्या बहिणीचा पानमळा डोळ्यांदेखत वाळू कसा दिला? आपल्या घरातली मी पहिली पदवीधर, पण याचं उत्तर मला देता येत नाही.

विहीर चार घरांची, मोटर सामाईक, पाणी पाळीने. पंपाच्या खोलीची चावी तुमच्याकडे असायची, कारण तुम्ही कुणाचं घटकाभर पाणीही चोरणार नाही हे साऱ्या वाडीला ठाऊक होतं. मग आत्याच्या मुलीने समाजाबाहेर लग्न केलं. पंचांनी आत्याला माफी मागायला सांगितलं, ती नाही म्हणाली आणि तिचं घर वाळीत पडलं. बोलायचं नाही, पाणी द्यायचं नाही. ऐन वैशाख. ती आपल्या ओट्यासमोर उन्हात उभी आहे आणि मी दाराआडून बघते आहे.

"दादा, राग माझ्यावर आहे ना? मग मला मार. वेलींनी काय केलंय?"

"माझं काही नाही गं त्यात. पंचांनी सांगितलंय."

"पंच येतात का मोटर बंद करायला? हात तुझाच आहे ना?"

तुम्ही आत आलात, आईला "वाढ" म्हणालात आणि जेवलात. सुकटीचं कालवण पुन्हा मागून घेतलंत. तुम्ही खुनशी असतात तर मला सोपं गेलं असतं. पण आत्याचं वाईट व्हावं असं तुम्हाला कधी वाटलंच नाही. काय वाटून घ्यायचं तेसुद्धा पंचांवर सोपवून तुम्ही त्या दुपारी शांत झोपलात. पानं पिवळी पडली, मग काळी. आत्या मळा विकून विरारला राहायला गेली. तुम्ही वारलात तेव्हा ती आली नाही. बरं केलं.

आता चावी भाऊकडे आहे. शेजारच्या वहिनीने समाजाच्या हॉलसाठी आपली जागा द्यायला नकार दिला, तर पुन्हा तोच हुकूम निघाला. या वेळी ग्रुपवर, आणि त्याखाली सगळ्यांनी जोडलेल्या हातांची चित्रं टाकलेली. भाऊने तिचं पाणी तोडलं. तिच्या केळी घडांसकट माना टाकू लागल्या.

"भाऊ, हा गुन्हा आहे. याला कायदा आहे."

"आल्या वकीलबाई! तू उद्या लग्न करून जाशील, मला इथंच राहायचंय. आणि बाबांनी तर सख्ख्या बहिणीचं तोडलं होतं. ही कोण लागते आपली?"

त्या क्षणी मला त्याची किळस आली, आणि तुमची त्याहून जास्त.

काल वहिनीबरोबर पोलीस ठाण्यात गेले. पंचांची नावं सांगितली. हवालदाराने विचारलं, "पाणी प्रत्यक्षात बंद कुणी केलं?" हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून कबूल करते: तुम्ही हयात असतात आणि नाव तुमचं घ्यायचं असतं, तर ते माझ्या तोंडून निघालं असतं की नाही, मला खात्री नाही. मी भाऊचं नाव सांगितलं.

"सख्खा?" हवालदाराने मान वर केली.

मी हो म्हटलं आणि सही केली.