सही जुळत नाही

शनिवार, ९ नोव्हेंबर

प्रिय आइता,

मी बरी आहे. गावात मंगळवारी पहिला बर्फ पडला, म्हणजे तुमच्याकडे दरीत त्याआधीच पडला असेल. ग्रेशियन आत्याने खानावळीतलं लांब टेबल तासून त्याला नवं पॉलिश केलं. अजून नीट वाळलेलं नाही, कोपर टेकलं की चिकटतं, आणि गिऱ्हाईकं तिला त्यावरून छळतात. मी काउंटीच्या निवडणूक कार्यालयातच आहे, मतमोजणीच्या यंत्रांची देखभाल करते. घरही तेच.

आधी कामाचं लिहिते.

तुमचं टपालाने आलेलं मत अजून मोजलेलं नाही. पाकिटावरची सही आमच्या नोंदीतल्या सहीशी जुळत नाही असं ठरवण्यात आलं, म्हणून पाकीट न उघडता बाजूला ठेवलं आहे. तसं कळवणारं पत्र काउंटीने बुधवारी तुम्हाला पाठवलं. ते तुम्ही उघडलेलं नसणार. सरकारी पाकिटं तुम्ही चुलीशेजारच्या बादलीत टाकता आणि चूल पेटवायला वापरता. ती बादली उलटी करा. आत एक फॉर्म असेल. तो भरून, ओळखपत्र दाखवून, सही तुमचीच आहे असं लिहून दिलंत की पाकीट उघडलं जाईल. मुदत मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत. पाच वाजून एक मिनिट चालणार नाही.

राज्यात सध्या राष्ट्राध्यक्षपदाच्या दोघा उमेदवारांमध्ये तीनशे चार मतांचं अंतर आहे. हे फक्त माहितीसाठी.

इथे पत्र संपवता आलं असतं.

सह्या कशा तपासतात ते सांगते. पडद्यावर डावीकडे पाकिटावरची सही येते, उजवीकडे नोंदीतली. नाव दिसत नाही, पत्ता दिसत नाही. मुद्दामच, म्हणजे ओळखीच्या माणसाला कोणी सूट देऊ नये. कार्यालय लहान, म्हणून निवडणुकीच्या आठवड्यात यंत्रवालीलाही या कामाला बसवतात. तुमच्या नोंदीत एकच सही होती, गाडीच्या परवान्याच्या वेळी काचेच्या पाटीवर केलेली. त्या पाटीवर सगळ्यांचीच सही काचेला चिकटलेल्या केसासारखी उमटते. डावीकडची तशी नव्हती. वर-खाली, वर-खाली, करवतीच्या बारीक दातांसारखी रेघ.

शेजारी वर्ना होती. तिची ही अकरावी निवडणूक. ती माझ्या पडद्याकडे वाकून म्हणाली, "अगं बाई, ही सही आहे की भूकंपाची नोंद?"

"जुळत नाही."

"जुळत नाहीच. पण एखादं म्हातारं माणूस असेल गं."

"वय दिसत नाही, वर्ना. रेघ दिसते."

"तू लग्नाला होकार देतानासुद्धा मोजपट्टी लावशील," ती म्हणाली, आणि तिनेही तेच बटण दाबलं. दोघींनी दाबावं लागतं.

ठरवण्यात आलं, असं मी वर लिहिलं आहे. ठरवलं मी. चार सेकंदांत. यंत्र वेळ नोंदवतं, म्हणून नेमकं माहीत आहे.

नाव दिसलं संध्याकाळी, पत्रं पाठवायच्या यादीत. एकोणचाळीस जण होते. सतराव्या ओळीवर फर्मिन इरियार्त. मी यादी तशीच ठेवून साहेबांकडे गेले आणि वहीत लिहून दिलं, की हे माझे वडील आहेत, या पाकिटाला मी यापुढे हात लावणार नाही. नियम तेवढाच आहे. नियमाप्रमाणे माझं काम तिथे संपलं.

मंगळवार संध्याकाळपासून काल दुपारपर्यंत मी काही केलं नाही. फोन केला नाही. केला असता तरी तुम्ही उचलला नसता, असं मी स्वतःला सांगितलं. ते पडताळून पाहिलं नाही.

खरं असं, की मी गप्प राहिले असते तर कोणाचीच चूक ठरली नसती. पत्र वेळेवर गेलं होतं. तुमची बादली ही तुमची बाब. तुमचं मत चुलीतल्या राखेबरोबर गेलं असतं, आणि ते कोणाला दिलंत याचा मला अंदाज आहे. अंदाजच, कारण पाकीट बंद आहे. तो माणूस मला आणखी चार वर्षं नको आहे. तीनशे चार वजा एक, ही वजाबाकी मी केली. आकडा कळला त्याच क्षणी केली.

काल दुपारी वर्ना कॉफीचा कप घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"इरियार्त. तुझं कोण?"

"वडील."

"आणि तू अजून इथे बसलीस?"

"मला त्या पाकिटाला हात लावता येत नाही."

"पाकिटाला लावू नकोस की. माणसाला लाव." मग जाता जाता वळून म्हणाली, "मुलीने बापाला पत्र लिहायला काउंटीची परवानगी लागत नाही. मी नियम वाचलाय."

चार वर्षांपूर्वी त्या लांब टेबलावर मी तुमच्यासमोर अकरा नावं वाचली होती. तुम्ही ज्याला मत दिलंत त्याने गव्हर्नर असताना धरणाच्या भिंतीचा अहवाल दाबून ठेवला होता, आणि भिंत फुटली तेव्हा खालच्या वस्तीतली अकरा माणसं गेली होती. मी ती नावं कागदावर उतरवून आणली होती. तुम्ही सूप पीत होतात.

"वाचून झालं?" तुम्ही विचारलंत. "मग तो पाव सरकव इकडे."

"तुम्ही त्याला मत दिलंत. माहीत असून दिलंत."

"माहीत असून दिलं. माणूस खोटारडा आहे. बायको टिकली नाही, मित्र टिकला नाही. पण ती सिनेटरबाई आपल्या दरीतलं पाणी नळ टाकून दक्षिणेतल्या शहराला नेणार, आणि हा नेऊ देणार नाही. मी माझ्या झऱ्याला मत दिलं."

"झरा मतपत्रिकेवर नव्हता, आइता. माणूस अख्खा घ्यावा लागतो. आवडता तुकडा कापून मिळत नाही."

"तुकडे कापायचे असतील तर आत मटण आहे," आत्या स्वयंपाकघरातून ओरडली. "गप जेवा दोघं!"

तुम्ही हसलात. मी हसले नाही. तुम्ही विचारलंत, "आणि तुझी बाई काय निर्मळ आहे का गं?"

मी म्हणाले, "निदान तिच्या हातून कोणी मेलं नाही. ती अकरा माणसं आता तुमच्याही नावावर आहेत."

तुम्ही रुमालाची घडी केलीत, टोपी घेतलीत आणि गेलात. सूप अर्धं राहिलं. त्यानंतर तुमचा ट्रक मला गावात सहा वेळा दिसला आहे. चार वेळा दाण्याच्या दुकानासमोर, एकदा पेट्रोल पंपावर, एकदा चर्चमागे. प्रत्येक वेळी मी आधी पाटीवरचा नंबर वाचला, आणि मग रस्ता बदलला.

आता जे लिहायचं आहे ते मी कोणालाच सांगितलेलं नाही.

"तुझी बाई" असं तुम्ही म्हणालात आणि मी ते खोडून काढलं नाही. मी तिला मत दिलं नव्हतं. आपल्या राज्याच्या मतपत्रिकेवर सगळ्यात खाली जी ओळ असते, यांपैकी कोणीही नाही, तिच्यासमोरचं वर्तुळ मी भरलं होतं. कडेपर्यंत, नीट. सिनेटरबाईंनी युद्धाच्या ठरावावर सही केली होती आणि नंतर केलीच नाही असं म्हटलं होतं. ते मला चाललं नाही. त्याचं धरण चाललं नाही. माझ्या हाताला काहीच लागू नये असं मला हवं होतं.

त्या ओळीबद्दल तुम्ही काय म्हणायचात ते मला लहानपणापासून माहीत आहे. लांडगा कळपाशी आला आणि घरातली दोन्ही कुत्री चावरी असली, तरी मेंढपाळाला एकाची साखळी सोडावीच लागते. दोन्ही वाईट आहेत म्हणून तो झोपायला जात नाही. तुम्ही ज्या देशातून आलात तिथे तुमच्या वडिलांना उभ्या आयुष्यात कोणी खरं मत विचारलं नाही. तुमचं मतदारपत्र तुम्ही आईच्या अंगठीबरोबर डब्यात ठेवता. मला हे सगळं माहीत होतं, तरी मला वाटलं की मी तुमच्याहून वर उभी आहे.

तेव्हा राज्य त्याने आठशे बारा मतांनी जिंकलं. कोणीही नाही, या ओळीवर नऊ हजार चारशे सहा मतं होती. त्यातलं एक माझं. टेबलावर ती नावं वाचताना हे दोन्ही आकडे मला पाठ होते. आणि मी तुमच्या एका मताचा हिशोब मांडत होते.

पुढच्या वर्षी त्याने धरणं तपासणारं खातंच बंद केलं. आणि आत्या सांगते, आपला झरा आता एप्रिलनंतर वाहत नाही. नळ त्यानेही टाकू दिला, वेगळ्या नावाने. तुम्हाला जे वाचवायचं होतं ते वाचलं नाही. मला जे टाळायचं होतं ते टळलं नाही.

या वेळी मी एका नावासमोरचं वर्तुळ भरलं. कोणाच्या, ते लिहीत नाही. त्या व्यक्तीत काय काय खोट आहे याची माझ्याकडे यादी आहे, आणि पुढे त्यातून जे होईल त्यातलं थोडं माझं असेल. वर्तुळ भरताना माझा हात स्थिर नव्हता.

हातावरून.

काल कार्यालयातून निघून मी आत्याकडे गेले. ती ग्लास पुसत होती. मी विचारलं, "आइताच्या हाताला काय झालंय?"

"तुला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय त्याने मला."

"मग सांगू नकोस. कोणता हात, तेवढं सांग."

तिने ग्लास खाली ठेवला. "दोन्ही," म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. मी तिथेच उभी राहिले. काय करायचं असतं ते मला कळत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी बाकीचे ग्लास पुसले.

मागच्या हिवाळ्यापासून, असं ती नंतर म्हणाली. मेंढ्यांची लोकर कापायची कात्री आता शेजारचा जॉर्डेन चालवतो. तुम्ही कप दोन्ही हातांनी धरता. हे मला एका रेघेवरून कळायला हवं होतं. रेघ वाचणं हेच माझं काम आहे.

मला तुमची जी सही ठाऊक आहे ती काचेवरची नाही. वरच्या कुरणातल्या अॅस्पेनच्या झाडावरची. फ. इरियार्त, १९७३. मी सात वर्षांची असताना तुम्ही मला ती पहिल्यांदा दाखवलीत. एकोणीस वर्षांचे असताना, एकट्याने सातशे मेंढ्या राखताना, चाकूच्या टोकाने कोरलेली. तुम्ही म्हणालात, खोल कोरायचं नाही, नुसता केसाएवढा ओरखडा काढायचा. बाकी झाड करतं. खोड वाढतं तशी अक्षरं रुंद होतात, काळी होतात. कोरणाऱ्याला त्या दिवशी आपलं नाव धड दिसतसुद्धा नाही.

मी दर उन्हाळ्यात तुमच्या नावाच्या पहिल्या अक्षराची उभी रेघ पट्टीने मोजायचे. सातव्या वर्षी अकरा मिलिमीटर होती, बाराव्या वर्षी चौदा. तुम्ही मेंढ्यांच्या कुत्र्याला सांगायचात, "बघ रे, सरकारी मोजणीदारबाई आल्या." शेवटचं मोजलं तेव्हा एकवीस होती. चार उन्हाळे मी वर गेलेले नाही. आता किती असेल ते मला माहीत नाही, आणि ते माहीत नसणं मला अधूनमधून कामाच्या मध्येच आठवतं.

ती सहीसुद्धा कुठल्याच नोंदीशी जुळली नसती. पण ती तुमची आहे याबद्दल मला कधी शंका आली नाही.

हे पत्र आत्या उद्या सूपाच्या डब्याबरोबर आणेल. सोमवारी सुट्टी, कार्यालय बंद. मंगळवारी सकाळी नऊ वाजता मी तुमच्या फाटकाशी गाडीत असेन. फाटक उघडणार नाही. गावापर्यंत नव्वद मैल, कोरड्या रस्त्याने एक तास चाळीस मिनिटं, बर्फ असला तर दोन तास वीस. ओळखपत्र आणि तो फॉर्म घ्या. फॉर्म जळला असेल तर वर्नाकडे दुसरा आहे. खिडकीवर तीच असेल, मी आत येणार नाही. कागद धरायला लागला तर ती धरेल. सही जशी येईल तशी करा. ती सुंदर असायची गरज नाही, तुमची असायला हवी.

मत कोणाला दिलंत ते मी वाटेत विचारणार नाही. ते मोजलं जावं असं मला वाटतं. तीनशे चारमध्ये कोणत्या बाजूने भर पडते हे धरूनही वाटतं.

दोन वाजेपर्यंत निघालो तर पोचू. दोननंतर मतासाठी थांबण्यात अर्थ नाही.

दोननंतरही मी थांबेन.

खाली सही करते आहे, शाईने, कागदावर. जुळते का बघा.

तुमची,
इडोया