चार नंबरचं दार

३ मार्च, मंगळवार
आजपासून कार्यकर्ता म्हणून फील्डवर. मनाच्या आजारातून सावरणाऱ्यांचं घर. सहा खोल्या, एक स्वयंपाकघर, सगळं सांभाळणाऱ्या मावशी. चार नंबरमध्ये एक निवृत्त मास्तर. तीन महिने कुणाशी बोललेले नाहीत. ताट आत घेतात, दार लावतात. महिन्यात चार सहीनिशी भेटी झाल्या नाहीत तर त्यांची खोली जाणार. दुसरीकडे कुणी नाही त्यांचं. असो, आता मी आलोय. दोन भेटींत बोलतं करीन.

११ वाजता दार वाजवलं. आत सामसूम. ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, शांतता सहन करा. केली. चार मिनिटं. मग मीच बोललो. भेटीचा फॉर्म दाराखालून सरकवला. चष्मा घरी राहिल्यामुळे उजव्या रकान्यात मी सही ठोकली, उरलेल्यात त्यांनी केली. रकाने बघत बसणं हे क्लार्कचं काम.

१० मार्च
नियम: ऐकणं ऐंशी टक्के, बोलणं वीस. पण विश्वास बसावा म्हणून आधी स्वतःचं थोडं सांगावं लागतं. बायको दोन महिने माहेरी आहे (विश्रांतीसाठी), एवढंच सांगितलं. पन्नास मिनिटं लागली. मावशींनी स्टूल आणून दिलं, मग पाणी. सही मिळाली.
संकल्प: यापुढे स्वतःबद्दल अवाक्षर नाही.

११ मार्च
संकल्प कायम. बायकोला फोन केला नाही. तिनं करायला हवा.

१७ मार्च
संकल्प मोडला, पण पेशंटच्या हितासाठी. दोन नंबरच्या आजी विणकाम घेऊन शेजारी येऊन बसल्या. भांडण कशावरून झालं ते सांगताना माझा आवाज बसला. कॉरिडॉरमध्ये धूळ फार.
तेवढ्यात दाराखालून चिठ्ठी: 'मग तुम्ही काय म्हणालात?'
मास्तर खुलताहेत! माझं टेक्निक लागू पडलं. पुढचा तासभर उत्तर दिलं.

२४ मार्च
दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, समोरासमोर दोन खुर्च्या. बसा म्हणाले.
"तिला फोन केलात का?"
तो आपला आजचा विषय नाही, असं मी ठणकावून सांगितलं. मास्तर गप्प राहिले. चार मिनिटं तरी. मला सहन होईना. त्यांच्यासमोरच फोन लावला. तिनं उचलला.
सही घ्यायचं मीच विसरत होतो. त्यांनी आठवण करून दिली.

३१ मार्च
संस्थेच्या ऑफिसात बोलावणं. वाटलं, सत्कार. मॅडमनी चारही फॉर्म टेबलावर मांडले. डावा रकाना 'कार्यकर्ता', तिथे मास्तरांची सही. उजवा 'लाभार्थी', तिथे माझी. चारही वेळा.
मास्तरांच्या खोलीचं काय होणार, एवढंच विचारलं. मॅडम म्हणाल्या, राहील; भेटी चार, सह्या चार, आणि माणूस बोलायला लागलाय. फार आनंद झाला. मनापासून झाला.
मग त्यांनी शेवटच्या फॉर्मवरचा शेरा दाखवला. मास्तरांचं वळणदार अक्षर:
'मुलगा गुणी आहे. वर्गात फार बोलतो. पुढच्या मंगळवारी पाठवावे.'
जाईन म्हणतो. त्यांना तेवढंच बरं वाटेल.