कांद्याच्या खोलीत एकोणीस कॉम्प्युटर

काष्टी,
शनिवार, बाजाराचा दिवस

सौ. मनकर्णाबाई, विहीणबाई, यांना काष्टीहून भागिरथीचा हात जोडून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, तुमचे गुडघे कसे आहेत ते कळवा. मागच्या खेपेला तुम्ही म्हणाला होतात की एक कामातून गेला. दुसऱ्याला तरी जपा. आमच्या व्याह्यांचा, गहिनीनाथरावांचा, खोकला थांबला का? (नसेल तर खोकू द्या, माणूस घरात कुठं आहे ते कळतं.) माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातली निम्मी चौथी गुरुजींच्या म्हशीला वैरण घालण्यात गेली, म्हणून अक्षर वाकडंतिकडं आहे, सांभाळून घ्या. फोन का नाही केला म्हणाल, तर फोनवर बोललेलं घरभर ऐकू जातं. तसं लपवण्यासारखं काही नाही म्हणा.

लिहायला विशेष कारण नाही. आपल्या नातीला, निकिताला, जुने कॉम्प्युटर गोळा करायचा नाद लागला ते तुम्हाला ठाऊक आहेच. ते आता एकोणीस झाले. तुमच्या जावयाला, म्हणजे आमच्या सुनीलला, ते ठेवलेत त्याच खोलीत कांदा ठेवायचा आहे. उद्या रविवारी भंगारवाला येणार आणि सगळे उचलून नेणार. मी म्हटलं, बरं बाबा. कांदा त्याचा, खोली त्याची, मी कशाला मधे पडू? मी काय, आज आहे उद्या नाही. (डॉक्टर म्हणाले अजून वीस वर्षं काही होत नाही, पण ते घरात सांगितलेलं नाही.)

एवढे आले कुठून असं तुम्ही विचाराल. निकिता नगरला कॉलेजात हेच शिकते. श्रीगोंद्याचा एक टायपिंगचा क्लास बंद पडला, तिथून तिनं दोन आणले. पाठीमागं म्हशीच्या पोटासारखे फुगलेले, रंगानं पिवळे, आणि चालू केले की नुसता उसासा टाकायचे. बाकीचे सतरा कसे आले ते मला नीट आठवत नाही. माणूस बाजाराला जातं, कुणी म्हणतं आमच्या शाळेच्या अडगळीत एक पडलाय, कुणी म्हणतं जिन्याखाली टाकलाय, उंदीर राहतात त्यात. आपण म्हणायचं, असू द्या, द्या इकडं. लोकांचं मन मोडवत नाही.

पहिल्या सुट्टीत निकितानं एक डबा उघडून दाखवला. आत हिरवी पाटी, तिच्यावर मुंग्यांच्या रांगेसारखे चकचकीत टाके. जिथं टाका सुटला असेल तिथं गरम सळईनं कथील लावायचं. मी म्हटलं, अगं, ही तर कल्हई! माझ्या माहेरी कल्हईवाला दारात बसायचा तेव्हा मी तासन्‌तास त्याच्यापुढं बसायची आणि आईचा मार खायची. निकिताचा हात थरथरतो, मोबाईल धरून धरून बोटं लोण्याची झालीत. माझी बोटं चाळीस वर्षं गोधडी शिवलेली. चष्मा लावला, श्वास धरला, टाका मारला, आणि काय सांगू विहीणबाई, त्या म्हसोबानं डोळा उघडला! काळ्या काचेवर एवढीशी हिरवी रेघ, लुकलुक लुकलुक. पहिला मुलगा झाला तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता. (तो मुलगा म्हणजे सुनीलच. मनात ठेवा.)

मग निकिता म्हणाली, आता दोन एकमेकांना जोडू. एक खोलीत ठेवला, एक स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी, आणि मधली तार गोठ्यावरून, कपड्यांच्या दोरीला गुंडाळत नेली. इकडे लिहायचं, तिकडे उमटतं. निकितानं इंग्रजी अक्षरं कागदावर काढून दिली आणि मी एकेक बटण हुडकत ‘चहा ठेव’ असं लिहिलं. पाऊण तास लागला. तुमची सुकन्या गॅसपाशी उभी होती. समोर अक्षरं उमटली तशी तिथूनच ओरडली, “आत्याबाई, चहा कवाच झाला, निवला बी!” हाक मारली असती तर लवकर झालं असतं एवढं मलाही कळतं. पण हाक काय, कुणीही मारतं.

आता ज्यावरून सगळं बिनसलं ते सांगते. कीबोर्डाची बटणं म्हातारपणी पिवळी पडतात. त्यांना पार्लरातली केस उजळायची क्रीम चोपडून दिवसभर कडक उन्हात ठेवलं की ती पुन्हा पांढरी होतात. (माणसाला हे चालत नाही. मी विचारलं.) वैशाखाचं ऊन आयतं पडलेलं, ते कशाला वाया घालवा? बटणं उपसली, क्रीम लावली, ऊन दाखवलं, स्वच्छ धुतली आणि दुसऱ्या दिवशी कोरडी व्हायला गच्चीवर धोतरावर पसरली. धोतराच्या दुसऱ्या टोकाला साबुदाण्याच्या चिकवड्या वाळत होत्या. मधे मी चांगली वीतभर जागा सोडली होती. वारा सुटला त्याला मी काय करू?

त्याच दुपारी आबासाहेब आले. सोसायटीचे चेअरमन, गावातलं मोठं माणूस. सुनील त्यांच्यापुढं खुर्चीच्या कडेवर बसतो. सुकन्यानं घाईनं गच्चीवरच्या मूठभर चिकवड्या आणून तळल्या. तुमच्या लेकीच्या हाताला चव आहे, मी कधी नाही म्हटलं का? पण तळताना ती फोनवर बोलत होती. (तुमच्याशीच.) बाकीच्या चिकवड्या फुलल्या, एक काही फुलली नाही, नुसती जरा वाकली, आणि तशीच बशीत गेली. नेमकी आबासाहेबांच्या.

कडकन्‌ आवाज झाला. आबासाहेब मनानं मोठे, तोंड धरून म्हणाले, “वहिनी, चिकवडी जरा जून झाली वाटतं.” मग त्यांनी ती तळहातावर काढली. सोबत निम्मी कवळीही आली. मी वाकून बघितलं, तर सात आकड्याचं बटण! सकाळपासून हुडकत होते मी ते. म्हटलं, “आबासाहेब, द्या हिकडं. ह्या एका सातापायी समदा कीबोर्ड अडून बसलाय.”

सुनील उठून उभा राहिला. “आई! हितं त्यांची कवळी मोडली आन् तुला साताचं पडलंय व्हय?”

“कवळी नवी मिळंल रं,” मी म्हटलं, “ह्या कीबोर्डाचं बटान आता कुटं मिळत न्हाई.”

मी खरं तेच बोलले, पण तो लई चिडला. म्हणाला, “रविवारी भंगारवाला बोलावतो. एक डबा दिसता कामा न्हाई ह्या घरात!” आबासाहेब बिचारे मान हलवून हो म्हणत होते, दुसरं काही त्यांना म्हणता येत नव्हतं.

लेकराच्या काळजाला लागेल म्हणून मी निकिताला फोन केला. ती म्हणाली, “जाऊ दे ना आजी, माझी परीक्षा चाललीय. तसाही मला कंटाळाच आला होता.” वरवर म्हणते हो, आतून रडत असणार. मला लगेच कळलं. तिच्याखातर तरी काहीतरी करायला पाहिजे असं मनात आलं, पण मी कुणाच्या मधे पडत नाही.

तर असा विषय मिटला. आज सुनील शेतात गेला तेवढ्यात मी खोली रिकामी करून झाडून, सारवून ठेवली. दुपारी आला तो दारातच थांबला. म्हणाला, “आई, भंगारवाला आजच यून गेला?” मी म्हटलं, “खोली बघ की कशी निघाली.” शहाणी झालीस म्हणाला. मलाही हलकं वाटतंय. गहिनीनाथरावांना नमस्कार.

आपली विहीण,
भागिरथी

ता.क. हे पत्र आमच्या गावच्या बन्सीच्या हाती दिलं आहे. त्याच्या टेम्पोत तुमच्या जनावरांसाठी कडबा पाठवलाय. वरच्या पेंढ्या उतरवल्या की खाली एकोणीस नग लागतील. फुगीर बाजू धरून उचलू नका, आणि छपराखाली ठेवा. बन्सीला आधी चहाला बसवा, टेम्पो मोकळा झाल्याशिवाय उठू देऊ नका.

ता.क. दुसरं. उद्यापासून धोंड्याचा महिना लागतोय. लेक-जावयाला जेवायला बोलवालच. पण वाणाला ह्या खेपेला अनारसे करू नका, सुनीलला साखर आहे. एकेका डब्याला हळदकुंकू लावा, वर दिवा ठेवा आणि हेच वाण म्हणून त्याच्या हातात द्या. सासुरवाडीला आवाज चढवायची त्याची छाती नाही, आणि धोंड्याचं वाण कुणी भंगारात घातलेलं मी तरी ऐकलं नाही. आपल्या हातानं घेऊन येईल. कांद्याचं तो बघेल.

ता.क. तिसरं. वाणाला तेहतीस नग लागतात, शास्त्र आहे. माझ्याकडचे एकोणीसच भरतात. चौदा कमी पडतात. तेवढे तुमच्याकडं खर्ड्यात, जामखेडात कुणाच्या जिन्याखाली, माळ्यावर पडलेत का ते गहिनीनाथरावांना बघायला लावा. बंद असले तरी चालतील. बंदच बघा.