झुंबरबाईंनी उचललेले पाच किलो

मंचर
१२ जानेवारी २००७

प्रिय शीलाताई,

ओतूरहून तुझं पत्र आलं. डावा हात आता खांद्याच्या वर जात नाही, वेणीसुद्धा लेक वृषाली घालून देते, एवढं एका ओळीत लिहून तू लगेच संक्रांतीच्या तिळगुळाकडे वळलीस. मी मात्र त्या ओळीवरच अडले. ऑपरेशनला सहा वर्षं झाली, गाठ परत आली नाही. मग हात निकामी का व्हावा?

म्हणून काल गुरुवारी जे पाहिलं ते तुला सांगते. आमच्या दवाखान्यात पुण्याहून व्यायामाच्या मॅडम येतात. तुझ्यासारखंच स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या आठ-नऊ बायका जमतात. शेजारच्या गेणभाऊंनी किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आणला, तेव्हा जुनी लोखंडी वजनं आम्हाला देऊन टाकली. तीच उचलायची. आधी दोनशे ग्रॅम. हात सुजला नाही, तरच पुढे पाचशे. दर वेळी टेपने दंड मोजायचं काम माझं.

झुंबरबाई डिंभ्याच्या वरच्या डोंगरातल्या, साठीच्या. जूनमध्ये आल्या तेव्हा ऑपरेशनच्या बाजूच्या डाव्या हाताने पदरही सावरता येत नव्हता. त्यांचे मालक भागूबाबा दारातूनच ओरडायचे, "अगं, त्यो हात तुटंल!" ह्या म्हणायच्या, "तुटू दे. तसाबी कुठं कामाचा हाये?" काल त्यांनी पाच किलोचं वजन डाव्या हाताने उचललं, सावकाश खांद्यापर्यंत नेलं आणि तिथेच धरून ठेवलं. सुकलेल्या दंडावर शीर उभी राहिली.  भागूबाबांनी तर डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग झुंबरबाईच म्हणाल्या, "बघताय काय? वाण्यानं जल्मभर ह्याच्यावर आमाला जोखलं. आज मी त्याला जोखलं!" सगळ्या हसल्या. मी टेप लावली, तर सूज कणभरही नव्हती. ताई, ज्या शरीरावर इतकी कापाकापी झाली, ते कुणी हळूहळू कामाला लावलं तर पुन्हा उभं राहतं. मी देवळातसुद्धा इतकी गप्प झाले नव्हते.

आता खरं लिहिते. तुझ्या ऑपरेशननंतर डॉक्टर मला म्हणाले होते, टाके भरेपर्यंत जड उचलू देऊ नका, मग हळूहळू हात चालवायला सांगा. मी घरी येऊन सांगितलं, "डाव्या हाताने कधीच काही उचलायचं नाही." तू आम्हाला सोडून जाशील, या भीतीने मी ते "कधीच" घातलं. घरातली पहिली बी.ए. मी, त्यामुळे मला उलट कुणी विचारलं नाही. तू सहा वर्षं जो शब्द पाळलास, तो डॉक्टरांचा नव्हता, माझा होता. येत्या गुरुवारी ये. आधी मॅडम हात तपासतील, मगच दोनशे ग्रॅम. सगळ्यांसमोर मला हवं ते बोल. मारावंसं वाटलं तर मारही, फक्त डाव्या हाताने मार.

तुझीच,
मोहिनी