शेजारच्या देशाची लाल रेघ

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (शिर टेबलावर टेकलंय, बाकीची अंगं खुर्चीत आहेत असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा राग कसा आहे? बुटांचं दुकान विकून शेजारच्या देशात नवं थाटायचं तुम्ही ठरवलंत, त्या व्यवहारावर सही झाली का, की अजून आठवडा आहे? सहज विचारतोय. पण आधी आमच्या बाईंबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

बाई म्हणजे सांख्यिकी खात्यातल्या आमच्या वरिष्ठ. उंची बेताची, चष्मा दोरीला, आणि डोकं असं की आमची चार डोकी फुकट दिली तरी नको म्हणतील. आपल्या आणि शेजारच्या देशातल्या घरांनी तीस वर्षांत खाणंपिणं, कपडे, भाडं यांवर किती खर्च केला, याची तुलना माझ्याकडे होती. (याला आम्ही 'अंतिम उपभोग खर्च' म्हणतो, म्हणजे वस्तू शेवटी ज्याच्याकडे जिरते त्याचा खर्च.) दोन महिने मान मोडून मी दोन रेघा काढल्या. आपली निळी, रमतगमत जाणारी. त्यांची लाल, एकोणीस वर्षं आपल्या बरोबरीनं चालली आणि विसाव्या वर्षी जी उसळली ती थेट कागदाच्या वरच्या कडेला. सगळं खातं बघायला आलं. एका तज्ज्ञांनी तर त्या उसळीची नऊ कारणं लिहून काढली (दहावं सुचेना म्हणून दुपारी जेवले नाहीत). मीही हुरळलो आणि घरीदारी सांगत सुटलो.

या रेघा खात्याच्या बैठकीत मांडायच्या होत्या. तिच्या आदल्या दिवशी बाईंनी कागद मागवला. बाई बेरजेकडे आधी बघतच नाहीत. बाजारातून आणलेली पिशवी रिकामी करावी तसा एकेक जिन्नस बाहेर काढतात. धान्य तेवढंच, कपडे तेवढेच, बूट तेवढेच. मग चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "घरं तीच, माणसं तीच, वस्तूही तेवढ्याच. मग वाढीव पैशाचं यांनी केलं काय?" बाईंनी शेजाऱ्यांचे जाडजूड अहवाल स्वतः उपसले. विसाव्या वर्षी तिथल्या खात्यानं तक्त्याची मांडणी बदलली होती. वरच्या ओळीत पूर्वी फक्त घरांचा खर्च असे, आता त्यात सरकारचा शाळा-दवाखान्यांवरचा खर्चही मिळवलेला. घरांची ओळ खाली सरकलेली. आणि मी आपला डोळ्यांना झापडं लावून वरचीच ओळ उतरवत गेलेलो!

मामा, मला वाटलं, गेली नोकरी. पण बाईंनी खोडरबर पुढे केलं, शेजारी बसल्या आणि अकरा वर्षांचे आकडे माझ्याकडून नव्यानं लावून घेतले. लाल रेघ मुकाट्यानं निळीच्या शेजारी येऊन बसली. बैठकीत तज्ज्ञ नऊ कारणं वाचायला उठले, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "चूक आमच्या खात्याची होती. दुरुस्त केली आहे." माझं नाव नाही, माझ्याकडे तिरका कटाक्षसुद्धा नाही. अशा माणसाच्या हाताखाली फुकट राबावं. (पगार मात्र चालू ठेवावा.)

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा (अजून तरी) लाडका भाचा

ता. क. : मागच्या महिन्यात तुमच्याकडे जेवताना "तिकडे लोक दुप्पट खर्च करतात मामा, दुकान तिथेच टाका" असं मी छातीठोकपणे म्हणालो, ते याच लाल रेघेच्या जोरावर. सही झाली नसेल तर कृपा करून करू नका. तिथली माणसंही आपल्याइतकेच बूट घेतात.

ता. क. २ : सही झालीच असेल, तर चूक खात्याची होती असं मामींना सांगावं.

ता. क. ३ : पाकीट चिकटवण्याआधी पत्र बाईंना दाखवलं. त्यांनी ता. क. २ वर काट मारली. म्हणाल्या, "खात्याची चूक मी सांगितली. मामांपाशी केलेली तुझी तू सांग, आणि तोंडानं सांग." न मागता चार दिवसांची रजाही दिली. तेव्हा मामा, चूक माझी. पत्राला तुमच्याकडे पोचायला चार दिवस लागतात, गाडीला एक. म्हणून उद्या सकाळच्या गाडीनं मीच निघतोय. पत्र माझ्या खिशात असेल. तुमच्यासमोर तोंडातून शब्द फुटला नाही, तर हेच तुमच्या हातात ठेवीन.